मिंगलाडॉनच्या मातीतील विमाने

युद्ध संपल्यावर शस्त्रांचे काय होते, हा प्रश्न इतिहासग्रंथांत क्वचितच विचारला जातो. तह होतात, नव्या सीमा आखल्या जातात, विजयस्तंभ उभे राहतात; परंतु ज्या तोफा, मालमोटारी आणि विमाने यांच्या बळावर हे सारे घडून आले, त्यांची वासलात लावण्याचे काम कारकून आणि भंगारवाले यांच्याकडे जाते, आणि तेथवर इतिहासकाराची नजर सहसा पोहोचत नाही. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली, तेव्हा आग्नेय आशियात आणि पॅसिफिक महासागरात युद्धसामग्रीचे अक्षरशः डोंगर पडून होते. ते परत नेण्याचा खर्च त्यांच्या किमतीहून अधिक होता. आजच्या वानुआतू देशातील एस्पिरितु सांतो बेटावर अमेरिकन सैन्याने मालमोटारी आणि बुलडोझर समुद्रात ढकलून दिले; ती जागा आजही ‘मिलियन डॉलर पॉइंट’ या नावाने ओळखली जाते. चांगली, चालू स्थितीतील यंत्रे माणसे आपल्याच हातांनी नष्ट करीत आहेत, हे दृश्य त्या काळी हजारो सैनिकांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुरलेल्या विमानांच्या आख्यायिकेचे बीज या अनुभवातच आहे. म्हणूनच ती आख्यायिका निव्वळ वेडगळ म्हणून बाजूस सारता येत नाही. अशा गोष्टी घडत होत्या. प्रश्न एवढाच की, ही गोष्ट घडली होती काय?

या आख्यायिकेचे सर्वांत गाजलेले रूप ब्रह्मदेशातील आहे. रंगून शहराच्या उत्तरेस मिंगलाडॉन येथे ब्रिटिशांचा हवाई तळ होता. आज तेथेच यांगूनचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. १९४१ च्या डिसेंबरात रंगूनवर जपानी बॉम्बहल्ले सुरू झाले, मार्च १९४२ मध्ये शहर पडले, आणि पुढील तीन वर्षे हा तळ जपान्यांच्या ताब्यात राहिला. या काळात त्यावर बॉम्ब टाकण्याची पाळी दोस्तांची होती. २ मे १९४५ रोजी विंग कमांडर साँडर्स हे आपले मॉस्किटो विमान घेऊन रंगूनवर आले, तेव्हा जपानी निघून गेल्याची खूण तुरुंगाच्या छपरावर युद्धकैद्यांनी रंगवून ठेवलेली होती. साँडर्स मिंगलाडॉनला उतरले; परंतु धावपट्टी खड्ड्यांनी इतकी उखडलेली होती की, त्यांच्या विमानाची मोडतोड झाली आणि त्यांना शहरात पायी जावे लागले. ही हकीकत एका गमतीदार प्रसंगापुरती नाही. मिंगलाडॉनची जमीन युद्धाने खालपासून वरपर्यंत ढवळून काढली होती, बुजवली होती, पुन्हा खणली होती, हे तिच्यातून ध्यानात येते. आणि पुढे या जमिनीच्या पोटात काय आहे असा शोध सुरू झाला, तेव्हा हीच गोष्ट निर्णायक ठरली.

आख्यायिका अशी : युद्ध संपल्यानंतर, १९४५-४६ च्या सुमारास, स्पिटफायर जातीची नवीकोरी लढाऊ विमाने सुटे भाग करून, ग्रीज माखून, मेणकागदात गुंडाळून मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून ब्रह्मदेशात आली. तोवर त्यांची गरज संपली होती. ती परत नेणे परवडणारे नव्हते, आणि परक्यांच्या हाती पडू देणेही इष्ट नव्हते. म्हणून त्या पेट्या न उघडताच धावपट्टीजवळ खोल खड्ड्यांत पुरण्यात आल्या. विमाने मार्क चौदा या प्रकारची होती, म्हणजे स्पिटफायरच्या अखेरच्या आणि अत्यंत वेगवान अवतारांपैकी एक. हा प्रकार ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पोहोचला तोच युद्ध संपता संपता. त्यामुळे न वापरलेल्या विमानांची कल्पना वरवर पाहता सुसंगत वाटत होती.

या कथेचा पाठपुरावा करणारा मनुष्य इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील एक शेतकरी होता. डेव्हिड कंडल यांना जुन्या विमानांचे अवशेष शोधण्याचा छंद होता. अमेरिकन निवृत्त सैनिकांच्या बोलण्यात आलेला ब्रह्मदेशातील पुरलेल्या स्पिटफायरांचा उल्लेख १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांच्या कानी आला, आणि पुढील सोळा-सतरा वर्षे त्यांनी या एका ध्यासापायी घालविली. लष्करी राजवटीच्या कडक पहाऱ्यातील त्या देशात त्यांनी अनेक फेऱ्या केल्या, साक्षीदार गाठले, पदरचा पैसा ओतला. विमानतळाच्या जमिनीची भूभौतिकी उपकरणांनी पाहणी करविली, तेव्हा जमिनीखाली काही धातुमय, विजातीय असे असल्याच्या खुणा मिळाल्या. शोधकाच्या दृष्टीने हा जणू मातीनेच दिलेला होकार होता.

२०१२ साली या खाजगी ध्यासाला राजकारणाचे पाठबळ मिळाले. म्यानमारमधील राजवट तेव्हा जगाशी नव्याने संबंध जोडू पाहत होती. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांच्या भेटीत हा विषय काढला. ऑक्टोबरात म्यानमार सरकारशी उत्खननाचा करार झाला. खर्चाचा भार संगणकीय युद्धखेळ तयार करणाऱ्या ‘वॉरगेमिंग’ या कंपनीने उचलला. विमानांची अपेक्षित संख्याही या काळात फुगत गेली. आरंभी ती वीस होती. पुढे मिंगलाडॉनला छत्तीस, शिवाय मिचिना आणि मेकतिला येथे आणखी, असे करीत ती शंभराच्या पलीकडे गेली. पुरावा मात्र तेवढाच होता. आख्यायिकेची वाढ पुराव्याच्या नव्हे तर अपेक्षेच्या प्रमाणात होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

जानेवारी २०१३ मध्ये पुरातत्त्वज्ञ अँडी ब्रॉकमन यांच्यासह तज्ज्ञांचे पथक रंगूनला दाखल झाले. जगभरच्या वृत्तपत्रांचे लक्ष तिकडे लागले होते. उत्तरेकडील मिचिना येथे जमिनीखाली एक पेटी लागली, आत कॅमेरा सोडण्यात आला, आणि गढूळ पाण्यापलीकडे काही दिसले नाही. मिंगलाडॉनला विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ आडवे आले. काही दिवसांतच खुद्द वॉरगेमिंगने जाहीर केले की, येथे स्पिटफायर पुरलेली नाहीत. कंडल यांना हा निष्कर्ष मान्य झाला नाही. खोदकाम योग्य ठिकाणी झाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील प्रयत्नांतूनही एकही विमान निघाले नाही.

येथवरची कथा वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक झाली. तिचा खरा महत्त्वाचा भाग मात्र रंगूनच्या चिखलात नव्हे, तर लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात घडला. हवाईदलाच्या प्रत्येक तुकडीला आपली नोंदवही ठेवावी लागे. रंगून बंदरात जहाजांतून विमाने उतरवून घेण्याचे काम ज्या तुकडीकडे होते, तिच्या नोंदी पथकाने तपासल्या. १९४५-४६ या काळात तिच्याकडे तीन जहाजांतून अवघी ३७ विमाने आली होती. त्या पेट्यांपैकी एकीतही स्पिटफायर नव्हते, आणि बहुतेक विमाने १९४६ च्या शरद ऋतूत पुन्हा बाहेर पाठविली गेली होती. पुरण्यासाठी जे आलेच नव्हते ते पुरले जाणे शक्य नव्हते. शिवाय एक व्यवहारी प्रश्न होताच : अवजड पेट्या उतरविण्याजोगे खोल खड्डे मोसमी पावसाच्या प्रदेशात खणण्यास लागणारी यंत्रे, माणसे आणि वेळ, उद्ध्वस्त बंदर आणि उपाशी शहर सावरण्यात गुंतलेल्या सैन्याने या कामावर का खर्ची घालावीत? ज्याला विमान शत्रूच्या हाती पडू द्यायचे नाही तो ते कुऱ्हाडीने फोडतो; ग्रीज माखून जपून ठेवीत नाही.

मग साक्षीदारांचे काय? हा या प्रकरणातील सर्वांत नाजूक प्रश्न होय. सांगणारी माणसे लबाड नव्हती. त्या काळी मिंगलाडॉनजवळ असलेल्या एका ब्रिटिश सैनिकाने, वयाची नव्वदी ओलांडल्यावरही, रस्त्याकडेला मोठाल्या पेट्या जमिनीत उतरविल्या जात असल्याचे आपण पाहिले असे निःशंकपणे सांगितले. त्याच्या सांगण्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. परंतु त्याचे सांगणे बारकाईने पाहिले तर त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. पेट्या त्याने पाहिल्या होत्या. त्यांत काय होते ते त्याने पाहिले नव्हते. पेट्यांत स्पिटफायर असल्याचे त्याला दुसऱ्याने सांगितले होते. साठ-पासष्ट वर्षांच्या अवधीत पाहिलेले आणि ऐकलेले यांच्यामधील शिवण नाहीशी झाली, आणि दोहोंचे मिळून एकच अखंड वस्त्र झाले. भूभौतिकी उपकरणांचेही असेच झाले. जमिनीखाली धातू आहे एवढेच यंत्र सांगत होते. त्या धातूला विमानाचे नाव माणसांनी दिले. बॉम्बने फोडलेल्या, भरून काढलेल्या, तारा आणि नळ यांनी विणलेल्या विमानतळाच्या जमिनीत धातू न सापडता तरच नवल होते.

मराठी वाचकाला हा वाद अपरिचित नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न होता : प्रसंगानंतर दीर्घ काळाने लिहिलेली बखर प्रमाण मानावी, की प्रसंगाच्या वेळी, दुसऱ्याच एखाद्या कामासाठी लिहिलेले अस्सल पत्र? बखरकार खोटे बोलतो असे नव्हे. तो आठवणीतून, ऐकीव माहितीतून आणि श्रोत्याच्या अपेक्षेतून इतिहास रचतो. बंदरातील कारकुनाला मात्र पुढे कधी काळी कोणी स्पिटफायर शोधील याची कल्पनाही नव्हती. त्याला फक्त पेट्या मोजायच्या होत्या. त्याच्या नोंदीचे सामर्थ्य तिच्या या निर्हेतुकपणात आहे. अर्थात कागदही आंधळेपणाने मानण्याची वस्तू नाही. कागद हरवतात, जळतात, चुकीचेही लिहिले जातात. पण जे सांगणे टिकवून धरण्यासाठी प्रत्येक प्रतिकूल कागद खोटा, प्रत्येक रिकामा खड्डा चुकीच्या जागेचा आणि प्रत्येक मौन गुप्ततेचे ठरवावे लागते, ते इतिहासाच्या कक्षेतून निघून श्रद्धेच्या कक्षेत गेलेले असते. गावोगावच्या गुप्तधनाच्या कथांत हांडा हाती लागत नाही तेव्हा तो जागेवरून सरकला असे म्हणतात. हांडा नव्हताच, असे कोणी म्हणत नाही.

ही तुलना केवळ अलंकारापुरती नाही. पेटीबंद स्पिटफायर जमिनीत असल्याची कथा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये ओकी या गावाभोवतीही सांगितली जाते. हजारो मैलांच्या अंतरावर सारखीच पेटी, सारखाच मेणकागद आणि सारखाच हरवलेला नकाशा आढळावा, हे लोककथेचे लक्षण होय. त्यामागील भावनाही समजण्याजोगी आहे. स्पिटफायर वीस हजारांवर तयार झाली. त्यांतील उडण्याजोगी आज काही डझनच उरली आहेत. एका पिढीचे शौर्य ज्या आकारात साठविलेले आहे, तो आकार भंगाराच्या भट्टीत वितळला हे मान्य करण्यापेक्षा तो कोठेतरी मातीखाली अक्षत निजलेला आहे, असे मानणे मनाला सुखावणारे असते.

विमाने खरोखर गाडली जातात, आणि खरोखर सापडतातही. १५ जुलै १९४२ रोजी अमेरिकेहून ब्रिटनकडे निघालेली सहा लायटनिंग लढाऊ विमाने आणि दोन बी-१७ बॉम्बफेकी विमाने खराब हवामान आणि इंधनटंचाई यांमुळे ग्रीनलंडच्या बर्फावर उतरली. वैमानिक वाचले, विमाने तेथेच राहिली. १९८० च्या दशकात अमेरिकन शोधकांनी ती धुंडाळण्यास आरंभ केला तेव्हा ती बर्फावर कोठेच दिसेनात. १९८८ मध्ये रडारने त्यांचा माग लागला, तोवर त्यांच्यावर सुमारे ८० मीटर जाडीचा बर्फ साचला होता. गरम पाण्याने तापविलेल्या शंकूच्या साह्याने बर्फ वितळवीत विवर पाडून १९९२ मध्ये एक लायटनिंग तुकड्या-तुकड्यांनी वर काढण्यात आले, आणि २६ ऑक्टोबर २००२ रोजी ‘ग्लेशियर गर्ल’ या नावाने ते पुन्हा उडाले. वरवर पाहता हे यश मिंगलाडॉनच्या शोधकांचे धैर्य वाढविणारे होते. प्रत्यक्षात ते उलट गोष्ट सांगते. ग्रीनलंडची विमाने उतरल्याची नोंद होती, वैमानिकांची नावे होती, त्यांच्या सुटकेची छायाचित्रे होती. तेथे प्रश्न विमाने कोठे आहेत एवढाच होता. ती आहेत काय, हा नव्हता. मिंगलाडॉनला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरून पहिल्याचा शोध घेण्यात आला.

नको झालेल्या विमानांचे प्रत्यक्षात काय होई, हे पाहावयास भारताबाहेर जाण्याची गरज नाही. ब्रिटिश हवाईदलाने अमेरिकेकडून लेंड-लीज कराराखाली घेतलेली लिबरेटर जातीची अनेक बॉम्बफेकी विमाने युद्ध संपल्यावर कानपूरजवळ चकेरी येथे जमा करण्यात आली. करारानुसार ती दुसऱ्या कोणास वापरू देता येत नव्हती. म्हणून ती जाणीवपूर्वक निकामी करून उघड्यावर टाकण्यात आली. स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाईदलाला बॉम्बफेकी विमानांची निकड भासली, तेव्हा बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्याच्या माणसांनी याच ढिगाऱ्यातून एकेक विमान उडण्यापुरते जुळविले. कारखान्याचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगलोरला उडवीत नेली, आणि तेथे ती पुरती दुरुस्त झाली. सुमारे चाळीस विमानांना असे पुनर्जन्म लाभले. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाचवी स्क्वाड्रन त्यांच्यावर उभी राहिली, आणि १९६८ च्या अखेरीपर्यंत लिबरेटर भारतीय सेवेत होती. इतर देशांनी आपली लिबरेटर केव्हाच मोडीत काढलेली असल्याने पुढे परदेशी संग्रहालयांना ती भारताकडून घ्यावी लागली. लंडनच्या शाही हवाईदल संग्रहालयातील लिबरेटर १९७४ मध्ये भारतानेच दिलेले आहे. या कथेत हरवलेला नकाशा नाही, गुप्त आदेश नाही. भंगार, पाने-हातोडे आणि चिकाटी एवढेच तिचे भांडवल आहे. म्हणूनच कदाचित तिच्याभोवती आख्यायिका जमली नाही.

एका प्रकारचा शोध मात्र या सर्वांहून वेगळा आहे. १९४२ ते १९४५ या काळात आसामातून हिमालयाचे फाटे ओलांडून चीनकडे रसद नेणारी सुमारे सहाशे अमेरिकन विमाने नष्ट झाली. वैमानिक त्या वाटेला ‘हंप’ म्हणत. आजच्या अरुणाचल प्रदेशातील जंगलांत आणि कड्यांवर त्यांचे सांगाडे शिकाऱ्यांना दिसत आले. २५ जानेवारी १९४४ रोजी नाहीसे झालेले एक बी-२४ विमान, त्यातील आठ माणसांसह, दामरो गावाजवळ पडल्याचे २००६ मध्ये निश्चित झाले. अमेरिकन पथकाने २०१५ मध्ये तेथे उत्खनन केले, आणि मिळालेले मानवी अवशेष २०१६ मध्ये दिल्लीहून मायदेशी पाठविण्यात आले. त्यांतून एका वैमानिकाची ओळख पटून २०१७ मध्ये त्याच्या गावी दफन झाले. येथे शोधाला किमतीचे प्रलोभन नव्हते. विमानाचा पत्रा गंजून गेला तरी चालणार होते. हाडाचा एक तुकडा पुरेसा होता. येथेही नोंद आणि आठवण या दोहोंचीच गरज पडली, पण दोन्ही एकमेकींना तपासून घेत चालल्या. लष्कराच्या कागदात विमानाची तारीख आणि माणसांची नावे होती. स्थानिक आदी लोकांच्या आठवणीत डोंगराची जागा होती. एकीवाचून दुसरी अपुरी पडली असती.

मिंगलाडॉनच्या शोधातून काहीच हाती लागले नाही, असे म्हणणे त्यामुळे बरोबर होणार नाही. रिकाम्या खड्ड्याने एक नोंदवही उघडविली, आणि युद्धोत्तर रंगूनचे जहाजांचे, मालाचे, टंचाईचे एक दुर्लक्षित पान वाचले गेले. ‘येथे काही नाही’ हेही इतिहासातील एक विधान आहे, आणि ज्याने आपला पैसा, प्रतिष्ठा आणि जगाचे कुतूहल पणाला लावलेले आहे त्याने ते उच्चारणे सोपे नसते. खर्च करणाऱ्यांनीच ते उच्चारले, ही या प्रकरणातील सर्वांत आदरणीय घटना म्हणावी लागेल.

यांगूनच्या विमानतळापासून आणखी उत्तरेस गेल्यावर ताउक्यान येथे राष्ट्रकुलाची युद्धदफनभूमी लागते. तेथे ६,३७४ थडगी आहेत. त्यांतील ८६७ अनामिकांची आहेत. मधोमध उभ्या असलेल्या स्मारकाच्या खांबांवर ज्यांना थडगेच लाभले नाही अशा सुमारे २७,००० सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भारतीयांची संख्या फार मोठी आहे, आणि स्मारकावरील लेख इंग्रजी, बर्मी, हिंदी, उर्दू आणि गुरुमुखीत आहे. ब्रह्मदेशाच्या मातीत युद्धाने खरोखर काय पुरले याचे उत्तर या खांबांवर आहे. ते शोधण्यास नकाशा लागत नाही, आणि त्याविषयी कोणाला शंकाही नाही. प्रत्येक नावासोबत पलटणीचा उल्लेख आहे, जागेचा नाही.